चार आण्यांची पावती

मागच्या वर्षी सदस्यनोंदणीच्या मोहिमेत मी खोटी यादी वर पाठवली. पुढे जे लिहिलं आहे त्याची सुरुवात तिथून झाली, म्हणून तेच आधी सांगून टाकतो.

मी एका राजकीय पक्षाच्या प्रभाग शाखेचा चिटणीस आहे. पक्ष कुठला ते इथे महत्त्वाचं नाही. दिवसा हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहितो आणि आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी एका बंद पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो, त्याला आम्ही शाखा म्हणतो. पगार नाही, मानधन नाही. बैठकीच्या तारखा कळवणं, इतिवृत्त लिहिणं, वर्गणी गोळा करणं, मतदार यादीत कुणाचं नाव सापडत नसेल तर ते शोधून देणं आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'सुप्रभात' टाकणाऱ्यांना हात जोडणं, एवढं काम. वरून आदेश आला, प्रभागातून हजार सदस्य हवेत. मी ज्यांना चेहऱ्यानं ओळखतो असे आमचे सदस्य अडीचशेच्या आत. शेवटच्या तारखेच्या तीन दिवस आधी एक कार्यकर्ता पेन ड्राइव्ह घेऊन आला. त्यात दोन गृहनिर्माण सोसायट्यांच्या रहिवाशांची आणि एका जिमच्या गिऱ्हाइकांची यादी होती, नावं आणि मोबाइल नंबर. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, दुबार नंबर काढले, स्पेलिंगं सारखी केली आणि फाइल अपलोड केली. वीस मिनिटं लागली. यादी स्वच्छ झाली, खरी झाली नाही. सगळ्यांची वर्गणी महापालिकेचं तिकीट मागणाऱ्या एका गृहस्थांनी एकरकमी भरली. जिल्ह्याच्या बैठकीत आमच्या शाखेसाठी टाळ्या वाजल्या.

माझ्याआधी अठरा वर्षं चिटणीस असलेले गृहस्थ एसटीतले निवृत्त कंडक्टर आहेत. शाखेत सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. त्यांनी यादी खालपर्यंत पाहिली आणि एकच विचारलं, "स्थळप्रती कुठंयत रे?"

स्थळप्रती नव्हत्या, कारण पावत्याच फाडल्या नव्हत्या. त्यानंतर मी जे वाचत गेलो ते याच एका गोष्टीबद्दल होतं. सभासद कुणाला म्हणायचं, हे आपल्याकडे आजवर कुणी, कसं ठरवलं? पक्षांचे इतिहास आपण अध्यक्षांची नावं आणि ठराव यांतून वाचतो. मला ते चिटणिसाच्या वहीतून वाचावेसे वाटू लागले.

'चिटणीस' हा शब्दच मुळी लिहिणाऱ्याचा आहे. चिठ्ठी लिहितो तो चिटणीस. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी अष्टप्रधानांत नव्हते, पण राज्याची पत्रं त्यांच्या हातून जायची. एकोणिसाव्या शतकात सभा-संस्था निघाल्या तेव्हा इंग्रजी 'सेक्रेटरी'साठी मराठीनं हाच जुना शब्द पुढे केला. दरबारातल्या चिटणिसाला मात्र एक प्रश्न कधी पडला नव्हता. तो राजाच्या वतीनं लिहायचा. सभेच्या चिटणिसानं कुणाच्या वतीनं लिहायचं?

या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सर्वांत सुंदर उत्तर पुण्यात १८७० साली दिलं गेलं. पर्वती देवस्थानच्या कारभाराबद्दल तक्रारी होत्या, त्या सरकारपुढे मांडायच्या होत्या. गणेश वासुदेव जोशी या वकिलांनी पुढाकार घेतला आणि २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. सरकार साहजिकच विचारणार, तुम्ही कोण? म्हणून सभेनं नियम केला, की सभासद व्हायचं असेल तर निदान पन्नास प्रौढ माणसांचं मुखत्यारनामा आणा. हा माणूस आमच्या वतीनं बोलेल, असं पन्नास जणांनी सहीनिशी लिहून द्यायचं. सुरुवातीच्या ९५ सभासदांच्या मागे सहा हजारांवर लोकांच्या सह्या होत्या. मतपेटी नव्हती, मताधिकार नव्हता, आणि एका वकिलानं कोर्टातलं वकीलपत्र उचलून राजकारणात आणलं. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक सभासद हा पन्नास जणांनी पडताळलेला होता. (माझ्या फाइलीतल्या माणसांना मी पडताळलं होतं ते फक्त नंबर दहा आकडी आहे की नाही एवढ्यापुरतं.)

जोशींना पुणेकर 'सार्वजनिक काका' म्हणू लागले. ते १८७७च्या दिल्ली दरबाराला स्वतः कातलेल्या सुताची खादी घालून गेले, ही गोष्ट सगळे सांगतात. मला मात्र मुखत्यारनाम्याच्या कल्पनेचं जास्त अप्रूप वाटतं.

ती सुंदर होती, अभेद्य नव्हती. संस्था सभासदांची असते आणि सभासद नोंदवहीत असतात. म्हणजे वही ज्याची, संस्था त्याची. १८९५ साली टिळकांच्या पक्षानं सभेच्या निवडणुकीत बहुमत मिळवून व्यवस्थापक मंडळ ताब्यात घेतलं आणि रानडे यांच्या बाजूची माणसं बाहेर पडली. त्या वेळी सभेचे चिटणीस होते गोपाळ कृष्ण गोखले. वय एकोणतीस, फर्गसनमध्ये प्राध्यापक, शिवाय सभेच्या त्रैमासिकाचे संपादक. मंडळ बदललं तरी ते काही काळ त्या खुर्चीत राहिले, मग त्यांनी राजीनामा दिला आणि १८९६ साली रानड्यांच्या गटानं डेक्कन सभा काढली. आपण हा प्रसंग मवाळ-जहाल वादाची नांदी म्हणून वाचतो, आणि तो तसा आहेही. पण चिटणीस म्हणून वाचला की वेगळंच दिसतं. काल ज्यांच्या बाजूनं लिहिलं त्यांच्या विरोधकांच्या बैठकीचं इतिवृत्त आज आपल्याच अक्षरात लिहायचं! यात गोखल्यांची बाजू बरोबर होती असं मी म्हणत नाही. नव्या मंडळानं १८९६च्या दुष्काळात माणसं गावोगाव पाठवून रयतेला दुष्काळ संहितेतले हक्क समजावले, ते काम आधीच्या अर्ज-विनंत्यांपेक्षा कितीतरी जिवंत होतं. आणि त्याचीच किंमत म्हणून १८९७ साली सरकारनं सभेची मान्यता काढून घेतली.

पुण्यात हे सगळं होण्याच्या थोडं आधी, समुद्रापलीकडे नाताळमध्ये, एक पंचविशीही न गाठलेला बॅरिस्टर चिटणीस झाला होता. नाताळ सरकार हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेणारं विधेयक आणत होतं. त्याविरुद्ध वसाहतमंत्र्यांकडे अर्ज करायचा ठरलं आणि साधारण पंधरा दिवसांत दहा हजार सह्या जमल्या. मोहनदास गांधींनी सही गोळा करणाऱ्यांना अट घातली होती, की समोरच्याला अर्जात काय आहे ते पुरतं समजल्याशिवाय एकही सही घ्यायची नाही. गावं लांबलांब होती, माणसं मोजकी, मुदत तोंडावर, आणि तरीही ही अट. आत्मकथेतलं हे पान मी दोनदा वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं.

२२ ऑगस्ट १८९४ रोजी डर्बनमध्ये नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली आणि गांधी तिचे मानद चिटणीस झाले. वर्गणी महिन्याला निदान पाच शिलिंग. दादा अब्दुल्ला शेठनी महिना दोन पौंड लावून घेतले, गांधींनी स्वतःचा एक. महिन्याभरात तीनेकशे सभासद झाले. आणि मग, अर्थातच, वसुली अडकली. डर्बनबाहेरच्या सभासदांकडे दर महिन्याला जाणं शक्य नाही, आणि पहिल्या दिवसाचा उत्साह दुसऱ्या महिन्यात उरत नाही. गावातलेसुद्धा चार-चार खेटे घातल्याशिवाय देईनात. ज्यानं कधी गणपतीची किंवा सोसायटीच्या पाण्याच्या टँकरची वर्गणी गोळा केली आहे, त्याला हा मजकूर शंभर वर्षांपूर्वीचा वाटणार नाही. शेवटी मासिक वर्गणी वार्षिक केली, निदान तीन पौंड.

याच वसुलीच्या फिरतीत टोंगाटचा प्रसंग घडला. रात्रीचा मुक्काम एका व्यापाऱ्याकडे होता. त्यानं सहा पौंड द्यावेत अशी अपेक्षा, तो तीनवर अडलेला. तीन घेतले असते तर पुढच्या प्रत्येक गावात तोच भाव झाला असता. मंडळी भुकेली होती, पण गांधींनी ठरवलं, की सहा पौंड मिळेपर्यंत या घरी जेवायचं नाही. रात्रभर समजावणी चालली. बरोबरचे लोक आतून संतापलेले, पण कुणी आवाज चढवला नाही. उजाडता उजाडता यजमानानं सहा पौंड दिले आणि सगळ्यांना पोटभर जेवू घातलं. पुढे उपोषणाचं जे राजकारण झालं, त्याची ही पहिली चुणूक एका वर्गणीच्या आकड्यासाठी होती, याची मला गंमत वाटते. हिशेबाबद्दलही तेच. पावतीशिवाय पैसा नाही आणि पै न् पैची नोंद. १८९४च्या वह्या आजही संस्थेच्या दप्तरात जशाच्या तशा सापडतील, असं त्यांनी तीसेक वर्षांनंतर जवळजवळ फुशारकीनं लिहिलं आहे.

या माणसाच्या हाती १९२० साली हिंदुस्थानातल्या काँग्रेसची घटना आली. तोवर काँग्रेस म्हणजे वर्षाकाठी भरणारा मेळा. ७२ प्रतिनिधींनी १८८५ साली मुंबईत गोकुळदास तेजपाल पाठशाळेत सुरुवात केली, पुढे प्रतिनिधी हजारांवर गेले, पण 'सभासद' अशी वस्तू जवळजवळ नव्हतीच. मधल्या काळात होमरूलवाल्यांनी थोडी वाट पाडली होती. टिळकांची लीग १९१६च्या एप्रिलमध्ये बेळगावला निघाली. जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष, न. चिं. केळकर चिटणीस, आणि १९१८च्या सुरुवातीला सभासद बत्तीस हजारांच्या आसपास. अ‍ॅनी बेझंट यांच्या लीगमध्ये तर कुठेही तीन माणसं जमली की शाखा. नागपूरच्या अधिवेशनानं हे देशभर केलं: गाव, तालुका, जिल्हा, भाषावार प्रांत अशा समित्यांची उतरंड आणि तळाशी वर्षाला चार आणे भरणारा सभासद. मराठी मुलखाच्या वाट्याला पुण्याची महाराष्ट्र समिती, मुंबई, नागपूर आणि वऱ्हाड अशा चार प्रांतिक समित्या आल्या.

चार आणेच का? नाताळमधला पाच शिलिंगांचा अनुभव त्यामागे असावा, असा माझा तर्क आहे. रक्कम इतकी लहान हवी की शेतमजुरालाही देता यावी, आणि इतकी खरी हवी की देताना हात खिशात जावा. १९२१च्या मार्चअखेरीस बेझवाड्याला ठरलं, ३० जूनपर्यंत टिळक स्वराज्य फंडात एक कोटी रुपये, एक कोटी सभासद आणि वीस लाख चरखे. गणित करून पाहा. कोटी सभासदांचे चार-चार आणे म्हणजे पंचवीस लाख रुपये. उरलेले पाऊण कोटी देणग्यांतून येणार. फंड पुरा झाला, किंबहुना वर गेला. सभासद मात्र पन्नास लाखांच्या आसपास थांबले. मला या अपयशाबद्दल आदर वाटतो. पाच-पन्नास श्रीमंत गाठून पैशांचा आकडा पुरा करता येतो. माणसांचा करायला कुणीतरी दारोदार पावतीपुस्तक घेऊन जावं लागतं, आणि जाणारे तेवढेच होते.

१९२२ साली असहकार मागे घेतला गेला आणि सभासदसंख्या कोसळली. मग एक अजब प्रयोग झाला. गांधी ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्ष होते त्या १९२४च्या बेळगाव अधिवेशनानं वर्गणी पैशांऐवजी सुतात घ्यायचं ठरवलं. महिन्याला दोन हजार वार सूत, स्वतः कातलेलं. आजारपण किंवा अनिच्छा असेल तर दुसऱ्याकडून कातून घेतलेलं. कल्पना मोहक आहे, चार आणे उसने मिळतात, श्रम मिळत नाहीत. पण तालुक्याच्या चिटणिसाच्या बाजूनं बघा. दर महिन्याला येणाऱ्या लड्या मोजायच्या, कमी भरलेल्या परत करायच्या, सूत तुटकं असेल तर कातणाऱ्याचा राग सोसायचा, ते उंदरांपासून सांभाळायचं आणि पुढे पाठवायचं. शिवाय पळवाट नियमातच होती. दुसऱ्याचं सूत चालतं म्हटल्यावर ते विकतही मिळतं. वर्षभरात माघार घ्यावी लागली, आणि चार आणे किंवा वर्षाला दोन हजार वार यांतलं काहीही चालेल असं ठरलं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही रोज हेच शिकतो. नियम कडक केला की खोटेपणा संपत नाही, त्याला फक्त जास्त मेहनत पडते.

त्याच वहीला दुसरीही बाजू होती. १९३२च्या जानेवारीत सरकारनं काँग्रेसच्या समित्या बेकायदा ठरवल्या, कचेऱ्या आणि कागदपत्रं जप्त केली. चिटणिसानं सुवाच्य अक्षरात नाव, गाव, पत्ता लिहून ठेवलेली वही पोलिसांच्या हाती पडली, की ती तयार यादी. अशा दिवसांत आपलं नाव त्या वहीत राहू देणं याला जे वजन होतं, ते एरवी नसतं.

बरोबर उलटं १९३७ नंतर झालं. प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आली, मुंबईत बाळासाहेब खेर मुख्यमंत्री झाले, आणि सभासद होण्यात धोका उरला नाही, फायदा दिसू लागला. १९३६च्या सुमारास पाचेक लाख असलेले सभासद १९३८-३९मध्ये पंचेचाळीस लाखांच्या घरात गेले. त्यात १९३४च्या मुंबई अधिवेशनानं घटना बदलून प्रतिनिधींची संख्या सभासदांच्या संख्येला बांधली होती, दर पाचशे सभासदांमागे एक प्रतिनिधी. हेतू चांगला होता, जिथे काम जास्त तिथे आवाज जास्त. पण त्या दिवसापासून नोंदवहीतल्या पाचशे ओळी म्हणजे एक मत झालं, आणि ओळी लिहायला शाई पुरते. याच अधिवेशनानंतर गांधींनी काँग्रेसचं सभासदत्व सोडलं. 'चार आण्यांचाही सभासद नाही' हे त्यांच्याबद्दल शब्दशः खरं होतं.

२९ जानेवारी १९३९ रोजी त्रिपुरी अधिवेशनाच्या अध्यक्षपदासाठी प्रतिनिधींनी मतदान केलं. सुभाषचंद्र बोस यांनी पट्टाभी सीतारामय्यांना सुमारे दोनशे मतांनी हरवलं. त्यावर गांधींनी काढलेल्या निवेदनातलं एकच वाक्य आपल्याला पाठ आहे, पट्टाभींचा पराभव हा माझा पराभव आहे अशा अर्थाचं. त्याच निवेदनात पुढे ते म्हणाले होते, की काँग्रेस झपाट्यानं भ्रष्ट संघटना होत चालली आहे, कारण तिच्या नोंदवह्यांत बोगस सभासदांची नावं मोठ्या संख्येनं आहेत. हे ते हरल्यावर म्हणाले, आणि त्यामुळे ते कडवट वाटतं. ज्यांच्या बाजूची मतं कमी पडली त्यांनी वह्यांकडे बोट दाखवावं, याला तेव्हाही लोक हसले असतील. शिवाय बोगस नावं काही एकाच बाजूची नसणार. पण वर्षभर आधीपासून ते 'हरिजन'मध्ये संघटनेतल्या गैरप्रकारांवर लिहीत होते, हेही खरं. टोंगाटला एका पावतीसाठी रात्रभर उपाशी बसलेल्या माणसाला पंचेचाळीस लाखांची वही पाहून काय वाटलं असेल, याचा मी निष्कारण विचार करत बसतो.

त्या वह्या लिहिणारे कोण होते? शाळामास्तर, वकिलाचे कारकून, किराणा दुकानदार, कॉलेजातून बाहेर पडलेली पोरं. त्यांची नावं इतिहासात नाहीत, अक्षर दप्तरांत असेल. त्यांच्यातल्या एखाद्यानं वरून आकड्याचा तगादा आल्यावर शेजारच्या गावची मतदार यादी उतरून काढली असेल, आणि रात्री टाकात शाई भरताना स्वतःला समजावलं असेल, की सगळेच करतात. त्याला वीस मिनिटांत भागलं नसेल. हजार नावं हातानं लिहायला रात्र गेली असेल, आणि प्रत्येक नाव लिहिताना ते खोटं आहे हे त्याला नव्यानं कळत असेल. ती सोय माझ्या स्क्रिप्टनं मला दिली नाही.

यंदाच्या दिवाळीनंतर मी त्या यादीला फोन करायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी दहा-पंधरा. बहुतेकांना वाटतं मी कर्ज विकतोय. एक बाई म्हणाल्या, त्यांच्या मिस्टरांना जाऊन तीन वर्षं झाली, तुम्ही त्यांना पक्षात कधी घेतलंत? मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ठीक आहे, त्यांना आवडलंही नसतं." नाव काढायला गेलो तर पक्षाच्या पोर्टलवर सदस्य वाढवायचं बटण आहे, वगळायचं नाही. तशी सोय करा असं वर लिहून पाठवलं आहे, उत्तर आलेलं नाही. जिल्ह्यातल्या एकानं प्रेमानं सल्ला दिला, "संख्या कमी करणारा चिटणीस मी पहिल्यांदाच बघतोय. सांभाळून रहा."

मास्तरांच्या सांगण्यावरून मी अप्पा बळवंत चौकातून कार्बनचं पावतीपुस्तक आणलं, शंभर पावत्यांचं. पोर्टलवर काहीही असो, शाखेची वेगळी वही ठेवायची आणि ज्यानं स्वतःच्या हातानं वर्गणी दिली त्याचंच नाव त्यात घालायचं, असं आमचं ठरलं आहे. वर्गणी पाच रुपये. पहिल्या पानावर शिक्का मारून मी पुस्तक टेबलावर ठेवलं. मास्तरांनी चष्मा लावला, क्रमांक सलग आहेत का ते शेवटपर्यंत पाहिलं आणि खिशातून शंभराची नोट काढली.

"पहिली माझी फाड."

माझ्याकडे पंच्याण्णव रुपये नव्हते. फोन पुढे करत म्हटलं, मास्तर, यूपीआय करा ना.

"अरे, पुस्तक घेऊन बसलास," ते म्हणाले, "आणि सुट्टे नाहीत?"